प्रितमची उसण आणि पायाळू डॉक्टर

"काय रं, वाकून कशाला चाललास?" वेणूआत्याने विचारलं आणि प्रितमच्या पाठीवर हात ठेवला. टी-शर्टखाली काहीतरी कडक, गच्च गुंडाळलेलं लागलं. आत्याने थेट निदान केलं. "वहिनी! पोराला उसण भरलीय! पट्टा बांदून फिरतोय बिचारा!"

प्रितम अकरावीत. जन्माच्या दाखल्यावर मुलगी, पण आपण मुलगा आहोत हे त्याने वर्षापूर्वी घरात सांगून टाकलं होतं. आई अजून घाईत "ती आला का?" असं विचारायची, पण जासईहून आलेल्या या वेणूआत्याने मात्र ऐकल्या ऐकल्या स्वतःच्या मुलाच्या, म्हणजे धर्मराजच्या हळदीसाठी पोरांच्या झब्ब्यांत एक झब्बा वाढवला होता. पिवळाधमक! तो छातीवर सपाट बसावा म्हणून प्रितमने घरातलं क्रेप बँडेज छातीभोवती गुंडाळलं होतं. आता धड श्वास घेता येत नव्हता आणि खरं सांगायची लाज वाटत होती.

"हो, उसणच," तो म्हणाला. झालं, संपलं!

आत्याने तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडी बांधली. प्रितम टी-शर्ट वर करू देईना. तेल आणलं, तो बाथरूममध्ये पळाला.

"मंग पायालूच पायजे," आत्या म्हणाली. जन्मताना पायांकडून बाहेर आलेलं माणूस म्हणजे पायाळू, आणि त्याने पाठीला लाथ लावली की उसण पळते, यावर आत्याचा पूर्ण विश्वास. तिने आईच्या मोबाइलवरून त्यांच्या रोडपालीच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवला, "रोडपालीत कोन पायालू हाय का? अर्जंट!"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं उत्तर लगेच आलं. आमची सूनबाई पायाळू आहे, पाठवते.

सूनबाई म्हणजे डॉक्टर सुमती. गळ्यात स्टेथोस्कोप, चेहऱ्यावर संताप.

"अहो, मी एमडी आहे!"

"असूं दे गो, पाय धुतलंस ना?"

प्रितमचा पडलेला चेहरा बघून डॉक्टरांनी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. धाकटी बहीण दिपिका आधीच आत होती, कारण तिला सगळं माहीत होतं.

"आधी ते बँडेज सोड," सगळं ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "क्रेप बँडेज हालचालीबरोबर आवळत जातं. बरगड्यांना इजा होते, बाळा. चिकटपट्टीही नाही हं. बाइंडर म्हणून छाती सपाट ठेवणारा खास बनियन मिळतो, तो स्वतःच्या मापाचा घ्यायचा, एक नंबर लहान नाही. झोपताना नाही, नाचताना नाही, मध्ये मध्ये मोकळं राहायचं. दुखलं, दम लागला की लगेच काढायचा."

"पण हळदीत तर नाचायचंच आहे!"

"मग मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल झब्बा. छान दिसशील."

"लात बसली का?" बाहेरून आत्या.

दिपिकाने कपाटावर धाडकन लाथ घातली.

"बसली!" बाहेर टाळ्या. दार उघडलं तर पॅसेजमध्ये रांग! वॉचमनची कंबर, देशमुख काकूंची मान, कुणाचा तर नुसता गुडघा. डॉक्टर परत आत शिरल्या. पाठोपाठ आत्याही आली आणि तिने दार लोटलं.

"बरा झालास ना? पन उसणवाल्यानी हलदीत नाचाचा नाय हां. तुजा झब्बा मी दुसऱ्याला देते."

प्रितमला रडूच फुटलं. "आत्या, मला उसण नव्हतीच! बँडेजमुळे दुखत होतं."

"मंग बांदलास कशाला?"

"छाती सपाट दिसावी म्हणून."

"सपाट कशाला?"

"झब्ब्यात मी मला मीच वाटावा म्हणून."

आत्या गोंधळली. सोडून ठेवलेल्या बँडेजकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, मग दिपिकाने ठोकलेल्या कपाटाकडे बघितलं.

"म्हंजे लात फुकट गेली?" ती म्हणाली. मग पदराने त्याचं नाक पुसलं. "आदी सांगाचा नाय का, येड्या? डॉक्टरीनबाय, पुन्ना सांगा काय काय. मापाचा, आनि दम लागला का काडाचा. अजून?"

हळदीच्या संध्याकाळी जासईच्या मांडवात प्रितम सैल झब्ब्यात मनसोक्त नाचला. नवरदेवाची आई मात्र खांबाला धरून उभी होती, लालेलाल.

"आत्या, काय झालं?"

"बलाऊज," आत्या कशीबशी बोलली. "बारीक होऊन घालनार होती मी."

"श्वास घेता येतोय?"

"नाय."

"मग काढायचा लगेच!"

आत्याने डोळे वटारले आणि गुपचूप घरात गेली. परत आली ती फुलाफुलांच्या मॅक्सीत, आणि काय नाचली! ते बघून धाकटी मामी आत गेली. मग काकू. मग नवरीकडच्या तिघी.

त्या हळदीच्या व्हिडिओत आता सगळ्या बायका मॅक्सीत आहेत. आल्यागेल्याला तो दाखवताना आत्या दरवेळी प्रितमवर बोट ठेवते, "बगा, आक्क्या मांडवात कपडे नीट घातलेला यो एकटाच!"