मुरगळला कुणाचा पाय

शिडी आणि बरणी ही नावं त्या दोघींनीच एकमेकींना ठेवली होती. एक ताडमाड उंच, दुसरी बुटकी आणि गोलमटोल. दोघींचे समाज वेगळे, घरची बोलीही वेगळी. पण खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार शिकवणाऱ्या त्या पदवीच्या वर्गात अल्पसंख्याक म्हणाव्यात अशा या दोघीच. त्यामुळे विभागप्रमुख सर हाक एकीला मारायचे आणि बघायचे दुसरीच्या तोंडाकडे. "मला सगळे विद्यार्थी सारखेच," असं ते भाषणात सांगत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मैदानावर साहित्य नेताना बरणीचा पाय खड्ड्यात गेला आणि घोटा मुरगळला. शिडीनं तिला कशीबशी बाकावर आणून बसवलं आणि धाप लागली म्हणून स्वतःही टेकली. तेवढ्यात सर आले. "त्या मुलीचा पाय मुरगळलाय," एवढंच कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी थेट शिडीचा पाय मांडीवर घेतला.

"सर, माझा नाही, हिचा."

"दुखणं लपवू नकोस. तुमच्याकडच्या मुली फार सोशिक, मला माहितीये."

"पण सर, सूज माझ्या पायाला आलीये," बरणी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. पळत जा, बर्फ आण."

बरणी लंगडत गेली आणि लंगडत आली. तोवर सरांनी वर्ग गोळा करून शिडीच्या धडधाकट पायाला पट्टी बांधून दाखवली होती. ती इतकी आवळली की शिडीच्या तोंडून "आई गं" निघालं.

"बघा," सर वर्गाला म्हणाले, "आता कबूल करतेय."

शिडीला कुबड्या मिळाल्या, बरणीला शाबासकी. वसतिगृहाच्या खोलीत शिडीनं स्वतःची पट्टी सोडून बरणीच्या घोट्याला बांधली, तेव्हा कुठे ती कामी आली.

निकाल लागला. तत्परतेनं बर्फ आणल्याबद्दल बरणी पहिल्या वर्गात पास, शिडी नापास. ती विचारायला गेली, तर सर कळवळून म्हणाले, "स्वतःच्या पायातली मुरगळ जिला ओळखता येत नाही, ती खेळाडूची काय ओळखणार? फेरपरीक्षा दे."

शिडी खोलीवर येऊन भिंतीला टेकून बसली. "बाबांना काय सांगू? चांगल्या पायाला चांगला म्हटलं म्हणून नापास झाले?"

"तुझ्या जागी मी जाते," बरणी म्हणाली.

"अगं, तुझं डोकं माझ्या खांद्याला लागत नाही."

"सरांच्या लक्षात येईल असं वाटतं तुला?"

शिडीनं जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली.

फेरपरीक्षेला बरणी गेली. घोटा अजून काळानिळा होता.

"कुठे दुखतंय?"

"इथे, सर. बाहेरच्या बाजूला. पाऊल आत वळवलं की कळ येते."

सरांनी दाबून पाहिलं. बरणी कळवळली आणि सरांचा चेहरा उजळला. "उशिरा का होईना, शिकलीस," म्हणत त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि तिला दारापर्यंत सोडायला आले.

दाराशी शिडी वाट बघत उभी होती. सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मैत्रीण पास झाली बरं का. तूच तिला सांभाळतेस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही."

"हो, सर," शिडी म्हणाली, आणि बरणीला आधार द्यायला पार कमरेत वाकली.