चौथा सायलेन्सर

"अख्ख्या विदर्भात माझ्यासारखा सायलेन्सर बनवणारा दुसरा माणूस दाखव, मी मिशी काढून टाकतो!"

हे वाक्य मार्तंडने बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता तो "अख्ख्या" म्हणाला की दामिनी उठून कुकर लावायला जायची.

तसा मार्तंड रामदासपेठेतल्या एका विमा कचेरीत ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासायचा. पण तो पोटापाण्याचा धंदा. खरा मार्तंड जागा व्हायचा तो घरच्या टेबलावर, तळहातावर मावतील एवढ्याल्या गाड्यांपुढे. त्यांना खेळणं म्हटलेलं त्याला खपायचं नाही. मॉडेल म्हणायचं! हुबेहूब खऱ्या गाडीची लहान आवृत्ती!

"कंपनीवाले सगळं करतात वं," तो दामिनीला पोटतिडकीने सांगायचा. "दारं उघडतात, स्टिअरिंग फिरते, सीटवर शिलाईसुद्धा दिसते. अन् मागं सायलेन्सरच्या जागी काय? प्लास्टिकचा ठोंब! भोकसुद्धा नाही! धूर जाईन कुठून?"

"पण धूर येईन कुठून?" दामिनी विचारायची.

असल्या अडाणी प्रश्नांना मार्तंड उत्तर देत नसे. तो बॉलपेनच्या पितळी रिफिली कापायचा. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत तार घालायचा, वळण दिलं की तार ओढून काढायचा आणि तोंड लायटरवर असं शेकायचा, की पितळेवर तापलेल्या इंजिनासारखी निळी-जांभळी झाक यायची. झाला सायलेन्सर तयार! आकार तांदळाच्या दाण्याएवढा. एक शिंक आली तर आठवड्याची मेहनत सोफ्याखाली. म्हणून काम चालू असताना घरात कूलर बंद. मे महिन्यात! नागपुरात! दामिनीने या सायलेन्सरांसाठी जेवढा घाम गाळला होता, तेवढा मार्तंडनेही गाळला नव्हता.

त्या रविवारी संध्याकाळी शहरातल्या मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं. मार्तंडची लाल स्पोर्ट्‌स कार तयार होती. मागे एका ओळीत चार सायलेन्सर! फक्त चिकटवायचे बाकी. पहिलं बक्षीस आपलंच, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. इतकी नव्हती, की बक्षीस मिळाल्यावर लोक पत्ता शोधत येतील म्हणून त्याने शनिवारीच इतवारीतून पाटी रंगवून आणली आणि सोसायटीच्या फाटकावर टांगली.

"येथे पाहिजे तसे सायलेन्सर बनवून मिळतील. तिसरा माळा."

दामिनीने पाटी दोनदा वाचली.

"अहो, 'लहान गाड्यांचे' असं लिवा नं."

"जागा नाही पुरत. अन् ज्याले कळाचं त्याले कळते!"

रविवारी सकाळी ज्याला कळायचं तो पहिला माणूस आला. साहिल नाव. केस उभे, चष्मा काळा.

"भाऊ, सायलेन्सर तुम्हीच बनवता नं? मले असा पाहिजे, का पुरा मोहल्ला पाहात राहिला पाहिजे!"

मार्तंडची छाती फुगली. नवीन पिढी शौकीन आहे म्हणायची!

"गाडी कोणती?"

"बुलेट."

"वा! बुलेटवर हात चालवाची कधीची इच्छा होती. आणली का?"

"खाली उभी आहे."

"खाली काहून ठेवली? चोरून नेईन नं कोणी! वर घेऊन या."

साहिलने चष्मा काढला. "वर? तिसऱ्या माळ्यावर?"

"मंग? मी गाड्या घरातच करतो, टेबलावर."

"टेबलावर!"

"अन् हळू आणजा गा. मागच्या खेपेले एकानं खिशात कोंबून आणली, दोन्ही आरसे तुटले."

खिशात बुलेट घेऊन फिरणारी माणसं या मेकॅनिककडे येतात म्हटल्यावर साहिलच्या मनातला आदर एकदम वाढला. तो मान हलवत उतरला आणि त्याने मोबाइलवरून चार मित्र बोलावले.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक चढून आलं. कुहीकडचे शेतकरी नानाजी. भाचीच्या घरी आले होते, जाताना पाटी दिसली. त्यांच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला ट्रॅक्टरचा गंजका सायलेन्सर होता. तो त्यांनी धाडकन बैठकीत ठेवला. फरशीने एक कण्हणं सोडलं. दामिनीनेही.

"याले मोठं भोक पडलं, साहेब. ट्रॅक्टर सुरू केला का बैल दावं तोडून पळते. बुजवून द्या."

मार्तंडने त्या लोखंडी धुडाकडे पाहिलं, मग आपल्या चिमट्याकडे. त्याचा अपमान झाला होता, पण दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"काका, मी एवढा मोठा नाही बनवत. माझं काम बारीक राहते."

"मंग बारीक करून द्या!"

त्यांना समजावणार, इतक्यात खालून अशी आरडाओरड ऐकू आली, की मार्तंड चिमटा टाकून जिन्याने धावला.

साहिल आणि मित्रांनी बुलेट लिफ्टमध्ये घालायला घेतली होती. पुढचं चाक आत गेलं होतं, हँडल दारात अडकलं होतं, मागचं चाक बाहेर. लिफ्टचं दार बंद व्हायचं, बुलेटला धडकायचं, पुन्हा उघडायचं. धोक्याची घंटा टुंइ टुंइ वाजत होती. आणि गाडी मागे घ्यावी म्हणून साहिलने ती सुरू केली!

बंद जागेत बुलेट! पहिल्या माळ्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी रुपराव बनियनवरच खाली धावत आले. रुपरावांना आवाजाचं वावडं होतं. समोरच्या घरात पापड मोडला तरी ते नोटीस काढायचे. त्यांनी बुलेट पाहिली, लिफ्ट पाहिली, फाटकावरची पाटी पाहिली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचा कारखाना! माह्या बिल्डिंगमध्ये!"

त्यांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

"रुपरावभाऊ, ऐका तं, माझे सायलेन्सर आवाजच करत नाहीत!" मार्तंड काकुळतीला आला.

"तेच तं! पोलिसांसमोर नाहीच करणार!"

पोलिसांनी शहरात कर्कश बुलेटींविरुद्ध मोहीमच उघडली होती, त्यामुळे जीप लगेच आली. लिफ्ट बुलेटने अडवलेली. सबइन्स्पेक्टर कामिनी मॅडम आणि एक भरभक्कम हवालदार तीन माळे जिन्याने चढून वर आले. मागे रुपराव, त्यांच्या मागे साहिल. आणि घरात शिरताच मॅडमना पहिलं काय दिसावं? सोफ्यावर पाय पसरून बसलेले नानाजी आणि मांडीवर तोफेसारखा धरलेला सायलेन्सर!

"हा माल कोणाचा?"

"या साहेबाइकडंच आणला, बाई," नानाजी भाबडेपणाने म्हणाले. "बारीक करून देतो म्हणते."

"पाहा! कबुली!" रुपराव ओरडले.

"मॅडम, मॅडम, एक मिनिट!" मार्तंडने दोन्ही हात जोडले. "मी बनवलेला सगळा माल तुम्हाला दाखवतो. सगळा!"

"कुठे आहे? गोदाम कुठे आहे?"

मार्तंडने टेबलावरची काडेपेटी उचलली आणि अदबीने उघडली. आत कापसावर चार तांदूळ झोपले होते.

मॅडमनी पेटी डोळ्यांजवळ नेली. "हे काय आहे?"

"सायलेन्सर!" मार्तंड अभिमानाने म्हणाला. "चारही. त्या लाल गाडीचे. निळी झाक पाहा नं मॅडम, तोंडाशी. लायटरवर आणली आहे!"

मॅडमनी लाल गाडी पाहिली. पुन्हा पेटीत पाहिलं. मग मान वळवून रुपरावांकडे असं पाहिलं, की रुपरावांना आपण बनियनवर आहोत हे पहिल्यांदाच जाणवलं. मार्तंड जिंकला होता! आणखी थोडं थांबलं असतं तर मॅडमनी बहुतेक शाबासकीही दिली असती.

पण हवालदार तीन माळे चढून घामाने निथळत होता. "लय उकडून राहिलं इथं," असं म्हणत त्याने हात लांब केला आणि कूलरचं बटण दाबलं.

"नोऽऽको!" मार्तंड आणि दामिनी एकाच सुरात ओरडले.

उन्हाळाभर कोंडून पडलेला तो कूलर भुकेल्या रेड्यासारखा उधळला! कापूस उडाला, काडेपेटी उडाली, सायलेन्सर उडाले. हवालदाराने घाबरून बटण बंद केलं, तोवर पेटीत फक्त पेटी उरली होती.

"कोणी हलू नका!" मार्तंड गरजला. त्या आवाजात असा काही अधिकार होता, की मॅडमसुद्धा एका पायावर थांबल्या.

पुढचं दृश्य सोसायटीने जन्मात पाहिलं नसेल. मार्तंड, साहिल, नानाजी, रुपराव आणि हवालदार गुडघ्यांवर रांगत होते. मॅडम टोपी बाजूला ठेवून मोबाइलच्या उजेडात सोफ्याखाली पाहत होत्या. दामिनी केरसुणीने इंच इंच झाडत होती. एक सायलेन्सर पायपुसण्यात सापडला. दुसरा हवालदाराच्या बुटाच्या खाचेत. तिसरा साहिलच्या उभ्या केसांत! चौथा मात्र गायब.

"माणसाने वाकावं तरी किती!" करवादत रुपराव खुर्चीवर टेकले आणि टेकताच स्प्रिंग सुटल्यासारखे उभे राहिले. "आई वंऽऽ!"

"सापडला!" मार्तंड आनंदाने धावला. रुपरावांच्या पायजम्यातून तो त्याने चिमट्याने अलगद सोडवला. जरासा वाकला होता, पण नशीब असं, की पाहिजे त्याच बाजूला!

मॅडमनी साहिलकडून बुलेट लिफ्टमधून बाहेर काढून घेतली आणि तिच्या फाटक्या आवाजाबद्दल त्याच्यावर रीतसर कारवाई केली. नानाजींना त्यांनी वेल्डिंगवाल्याचा पत्ता दिला. जाताना मार्तंडला म्हणाल्या, "पाटी आधी उतरवा. आणि काम छान आहे हो तुमचं."

झालं! पोलिसांनी वाखाणलेले सायलेन्सर! मार्तंडने ते चिकटवले आणि संध्याकाळी तो छाती काढून प्रदर्शनात उभा राहिला. परीक्षक म्हणून पुण्याहून आलेले एक जुने जाणते गृहस्थ होते. त्यांनी लाल गाडी उचलली, उलटी केली, मागून भिंगातून बराच वेळ न्याहाळली. मार्तंडने दामिनीला कोपर मारलं. बघ आता!

"सुंदर गाडी आहे," परीक्षक म्हणाले. "पण इथे आपण स्वतः केलेल्या बदलांना गुण देतो. तुम्ही यात काय केलंत?"

"सर, सायलेन्सर!"

त्यांनी पुन्हा भिंग लावलं. हसले. गाडी हळूच खाली ठेवली.

"छे छे, गंमत करता काय? इतकं सफाईदार काम हाताने होतं होय? हे तर सरळसरळ कंपनीचेच आहेत!"

आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.