दहा अक्षरी बोली

कार्यालयाच्या तळमजल्यावर भांडार असतं, भांडारात भांडारपाल असतो आणि भांडारपालाला काम नसतं, ही गोष्ट सर्वमान्य आहे. या कार्यालयातले भांडारपाल मात्र कामसू होते. दारं, कपाटं, खिडक्या, इतकंच काय, स्वतःचा जेवणाचा डबासुद्धा ते कुलूप लावून ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी इमानेइतबारे कुलपं लावली आणि तेवढ्या काळात ते कार्यालयात एकदाही हसले नाहीत. हसण्यासारखं काही भांडारात जमाच झालं नव्हतं.

जमा झाल्या होत्या त्या दोन गोण्या. बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या दारावरच्या पाट्यांची अक्षरं त्यांत भरली होती. प्रत्येक अक्षर वेगळ्या पितळी ठोकळ्यावर, काना-वेलांटीसकट. साहेब आला की खाचेत सरकवायचं, गेला की काढून गोणीत. शिवाय कामाच्या वेळात पकडलेले पत्त्यांचे सत्तावीस जोड होते, त्यांतला एकही पूर्ण नव्हता.

वार्षिक मोजणीच्या दिवशी काका ठोकळे मोजत होते आणि टायपिस्टबाई आकडे लिहून घेत होत्या. मूठभर ठोकळे पालथे पडलेले बघून बाई सहज म्हणाल्या, यात पाच अक्षरी शब्द निघेल. काका म्हणाले, काढून दाखवा, आणि बदामाची सत्ती टाकली. का टाकली, हे त्यांना आजही सांगता येत नाही. पण खेळ जन्माला आला तो असा.

नियम साधे. मूठभर ठोकळे पालथे टाकायचे आणि न बघता बोली लावायची: तीन अक्षरी, चार अक्षरी, पाच अक्षरी. बोली वाढवायची तर आधीच्यापेक्षा वरचा पत्ता टाकायचा. शेवटची बोली ज्याची, त्याने ठोकळे उलटायचे आणि बोललेल्या लांबीचा शब्द लावायचा. लागला तर पडलेले सगळे पत्ते त्याचे. नाही लागला तर पत्ते गमवायचे आणि दिवसभर तोंड लपवत फिरायचं.

कार्यालयाचा ड्रायव्हर तिसरा भिडू झाला. एकदा काकांनी छाती फुगवून सहाची बोली लावली आणि उलटले तर चार 'ळ' आणि दोन 'ङ'. काका इतके हसले की त्यांना उचकी लागली, आणि ड्रायव्हरला वाटलं झटकाच आला, म्हणून त्याने गाडी काढली. निवृत्तीला दहा महिने उरले होते. या दहा महिन्यांत काकांना बढती नको होती, सत्कार नको होता, फक्त जेवणानंतरची ही पंचवीस मिनिटं हवी होती. घरी बायकोला त्यांनी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग कुणाला सांगू नका."

काकांनी कुणाला सांगितलं नाही. पण हसण्याला कुठलं कुलूप घालणार? ते जिन्याने वर गेलं आणि एक दिवस दुसऱ्या मजल्यावरचे साहेब खाली आले. तिघंही उभी राहिली. आता संपलंच, असं काकांना वाटलं. साहेबांनी नियम ऐकून घेतले, खुर्ची ओढली आणि थंडपणे म्हणाले, "दहा."

सहाच्या वर आजवर कुणी गेलं नव्हतं. ठोकळे उलटले. त्यांतून धड तीन अक्षरी शब्द निघेना. टायपिस्टबाई छताकडे बघू लागल्या. शेवटी साहेब बोलले. "शब्द लागत नाही असं नाही. शब्द लागण्याच्या प्रक्रियेत आहे."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. एक्के फक्त वर्ग एकच्या अधिकाऱ्यांना, कारकुनांना अठ्ठीपर्यंत, शिपायांनी दुर्री-तिर्रीवर समाधान मानावे. साहेबांचा दहा अक्षरी शब्द हा विशेष प्रकल्प समजण्यात यावा आणि त्यासाठी दोन्ही गोण्या राखीव ठेवाव्यात. पुढच्या सोमवारी मोठ्या दालनात फळा लावला गेला, फीत कापली गेली आणि साहेबांच्या हस्ते पहिलं अक्षर बसलं: 'त'. पुढे कुठला शब्द होणार, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. 'त' घासूनपुसून जास्त चमकत होता, एवढंच. मग प्रकल्पाला पहिली मुदतवाढ मिळाली, मग दुसरी, मग मुदतवाढ मागण्यासाठी मुदतवाढ. तळमजल्यावरचा खेळ मात्र अनधिकृत ठरला, आणि भांडाराच्या दाराला, म्हणजे काकांच्या कुलपाच्या वर, आणखी एक सील लागलं. काका रोज जेवून त्या सीलकडे बघत बसत. त्यांचा जीव नुसता तीळतीळ तुटत होता.

अशातच एक नव्या बाई हुकूम घेऊन हजर झाल्या. कार्यालयात लोकांच्या तक्रारी तीन वर्षं पडून होत्या, त्या निकाली काढायला नवं पद मंजूर झालं होतं. पण दारावर पाटी लागल्याशिवाय अधिकाऱ्याने खुर्चीत बसू नये, असा जुना नियम. बाईंनी काकांकडे पाटीची मागणी केली. काका म्हणाले, अक्षरं आहेत हो, पण साहेबांच्या शब्दात अडकलीत. बाई जिन्याखाली स्टुलावर बसल्या, त्या बसल्याच. साहेबांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. दालनात लागलेल्या तक्रारदारांच्या रांगेतल्या पहिल्या अठरा तक्रारी त्यांच्याच विरुद्ध होत्या, हा निव्वळ योगायोग.

रांग कुरकुरू लागली तेव्हा साहेबांनी लोकसहभागाचं धोरण आणलं. प्रत्येकाला एक पत्ता मिळाला, आणि दहा अक्षरी शब्द कोणत्या तारखेला पूर्ण होईल याची बोली लावायची. तारीख बरोबर आली तर तक्रार सगळ्यांत आधी. चुकली तर पत्ता जप्त आणि रांगेत शेवटून सुरुवात.

काय सांगावं, रांगेची कळाच पालटली. लोक पहाटेपासून घडीच्या खुर्च्या घेऊन येऊ लागले. सासवा-सुना एकाच तारखेवर एकमत करू लागल्या, जे घरात कधी घडलं नव्हतं. एक निवृत्त मास्तर वहीत आलेख काढून सांगायचे की पुढच्या मार्चच्या आत काही होत नाही, आणि माणसं त्यांच्याभोवती गर्दी करायची. ज्याने पुढच्या मार्चच्या अलीकडची बोली लावली त्याला सगळे खुळ्यात काढत, म्हणून अशी बोली कुणी लावतच नव्हतं.

काकांचे चार महिने उरले. एका दुपारी नव्या बाईंचा मागणी अर्ज नव्याने वाचताना त्यांचं बोट पदनामावर थांबलं. त, क्रा, र, नि, वा, र, णा, धि, का, री. त्यांनी बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग टायपिस्टबाईंना मोजायला लावलं.

"काका," टायपिस्टबाई हळूच म्हणाल्या, "दहाच आहेत. आणि 'त' तर बसलेलाच आहे."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी सील तोडलं. नऊ ठोकळे खिशात घालून ते मोठ्या दालनात गेले आणि सगळ्यांच्या देखत एकेक अक्षर बसवत सुटले. 'री' बसली. तक्रारनिवारणाधिकारी. शब्द पूर्ण, पाटीही तयार. साहेब बाहेर आले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला, कारण नियम त्यांचेच होते. जिन्याखालच्या नव्या बाई स्टुलावरून उठल्या. उद्यापासून पंचवीस मिनिटं, या विचाराने काकांना हसू फुटायला लागलं.

तेवढ्यात मास्तर उभे राहिले. "आज? आजची बोली कुणी लावलीय?"

कुणीच लावली नव्हती. दालनात चारशे बारा माणसं होती आणि चारशे बाराही पत्ते बाद झाले होते. मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. आम्ही काय इतके दिवस उगाच थांबलो का, हा कोण टिकोजीराव मधेच शब्द लावणारा, असं जो तो बोलू लागला. प्रत्येकाने शब्दाविरुद्ध लेखी तक्रार दिली. साहेबांनी सगळ्या तक्रारी स्वतःच्या हाताने घेतल्या, पावत्या दिल्या आणि नियम वाचून दाखवला: तक्रारींचा निकाल देण्याचा अधिकार फक्त तक्रारनिवारणाधिकाऱ्यांना. आणि निकाल लागेपर्यंत शब्द ग्राह्य नाही, म्हणून ती पाटीही नाही.

ठोकळे गोणीत गेले. नव्या बाई परत स्टुलावर बसल्या. काकांनी मास्तरांना गाठून विचारलं, "तुमची मूळची तक्रार काय होती हो?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. जप्त झालेल्या पत्त्याच्या जागी मिळालेला नवा पत्ता दोन्ही बाजूंनी पाहिला. "ते आता राहू द्या," ते म्हणाले, "जरा बाजूला व्हा, तुमच्यामुळे फळा दिसत नाही."

काका निवृत्त झाले, कुणी हसलं नाही. तक्रारदारांची यादी अजून दालनात लावलेली आहे. तुम्ही मघापासून त्या माणसांना हसताय म्हणून सांगतो: दोनशे सदुसष्टावं नाव तुमचं आहे, सहीही तुमचीच, ताडून पाहिली आहे. 'मूळ तक्रार' हा रकाना तेवढा कोरा आहे. आठवली तर येऊन भरा.