हौसाक्काचं उगवतीचं कार्ड

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिथले दुकानदार अजून हयात आहेत) हौसाक्का नावाची एक साळू राहत होती. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे आणि स्वभाव मात्र लोण्यासारखा. निदान तेव्हा तरी.

बाळांनो, मांडी घालून बसा. मागची कुजबुज बंद.

तर हौसाक्काला एकच दुःख होतं. बाजारातल्या एकाही दुकानात तिला आत घेत नसत. सात वर्षांपूर्वी दगडोबा रानडुकराच्या दुकानात तिच्या काट्यानं राळ्याचं पोतं फाटलं होतं. एकच हो! पण सगळ्या बाजारानं ठरवून टाकलं, की हिनं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि तिथूनच ओरडून मागायचं.

"दगडोबा, चार कंद द्या!" ती बाहेरून ओरडायची.

दगडोबा हाताला येईल ते बाहेर फेकायचा. हाताला नेमके कुजकेच यायचे.

"अहो, हा किडलाय."

"घ्यायचा तर घे, आक्के. आत बसून निवडायचं तुझ्या नशिबात नाही."

हौसाक्का घरी यायची, कुजका भाग कापून टाकायची, उरलेल्याची भाजी करायची आणि खाता खाता रडायची. तिला काही राणीहार नको होता. दुकानात आत जावं, पाटावर बसावं, चार कंद हातात घेऊन, हुंगून स्वतः निवडावेत. एवढंच हवं होतं बिचारीला.

आणि एके दिवशी त्या जंगलात थेट जपानहून एक सारस आला. त्याचं नाव मोरिता. उंच, पांढराशुभ्र आणि इतका नम्र, की झाडालासुद्धा वाकून नमस्कार करायचा. तो तिकडच्या 'उगवती पत मंडळी'चा माणूस होता. म्हणजे, पक्षी होता.

"आमचं कार्ड दाखवा आणि कुठल्याही जंगलात काहीही घ्या," मोरिता म्हणाला. "दुकानदाराला मोबदला आमची मंडळी देईल. तुम्ही सवडीनं आम्हाला द्या."

हे चालायचं कसं? सोपं आहे. दुकानाच्या दाराशी एक सुतारपक्षी. कार्ड बघून तो खोडावर टकटक करणार. ती ऐकून पुढच्या झाडावरचा करणार. झाडामागून झाड, जंगलामागून जंगल, टकटक जाणार समुद्रापर्यंत. समुद्रातून देवमासे निरोप नेणार. पलीकडे जपानात एक म्हातारी सारसीण बसलेली. ती चष्मा पुसून म्हणणार, "चालेल." ते "चालेल" आल्या वाटेनं परत. विडा चघळून होईपर्यंत काम फत्ते!

दुकानदारांना यातलं ओ की ठो कळलं नाही. पण कार्ड घेणाऱ्या दुकानाला दारावर लावायला एक पाटी फुकट मिळत होती. लाल, चकचकीत, वर सोनेरी सारस. पहिली पाटी दगडोबानं लावली. मग शेजारच्या माकडिणीला राहवेना. आठ दिवसांत चव्वेचाळीस दुकानांवर चव्वेचाळीस पाट्या झळकल्या: 'येथे उगवतीचे कार्ड चालते.'

आणि कार्डं किती खपली? एकही नाही. कार्डाच्या अर्जात आपलं खरं बीळ कुठे आहे ते लिहावं लागायचं. जंगलात खरं बीळ कोण सांगतो? मी तरी नाही सांगणार.

मोरिता हिरमुसला. फिरत फिरत शेवटी हौसाक्काच्या दारी आला आणि कमरेत वाकला. दारी कोणी वाकतंय हे बघून हौसाक्का गडबडून उठली, आणि तिचा काटा गेला की त्याच्या चोचीत!

मोरिता आणखी खाली वाकला. "क्षमा असावी," तो म्हणाला, "माझी चोच आपल्या काट्याला लागली."

हौसाक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काटा लागलेल्यानं तिचीच माफी मागावी, असं जन्मात घडलं नव्हतं. तिनं अर्ज वाचलासुद्धा नाही. खरं बीळ सांगितलं आणि अंगठा उठवला. फेड म्हणून गळून पडलेले काटे द्यायचे ठरलं. त्यांचे म्हणे तिकडे लिहायला छान टाक होत.

दुसऱ्या दिवशी ती कार्ड घेऊन दगडोबाकडे गेली.

"उंबऱ्याबाहेर!" दगडोबा खेकसला.

"कार्ड आहे माझ्याकडे. पाटी लावलीत ना तुम्ही?"

दगडोबानं कार्डाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. कार्ड कसं घेतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही असं सांगायची त्या बाजारात पद्धत नव्हती.

"चालतं की! न चालायला काय झालं? पण आज सुतारपक्षी जेवायला गेलाय."

ठकाजी सुतारपक्षी दगडोबाच्या डोक्यावरच्या फांदीवर बसला होता. त्यानं घाईघाईनं चोच पिसांत खुपसली.

हौसाक्का पुढच्या दुकानात गेली. तिथलाही सुतारपक्षी जेवायला गेलेला. चव्वेचाळीस दुकानं, चव्वेचाळीस सुतारपक्षी, सगळे जेवायला! हौसाक्का कुजका कंद घेऊन घरी आली. शेजारचा कान्हू खवल्या मांजर तिची समजूत घालायला आला. तोही बाजारात बाहेरच उभा राहायचा, कारण त्याच्या खवल्यांनीही पोती फाटतील असं दगडोबाचं म्हणणं होतं. कान्हूनं आपल्या कंदातला चांगला तुकडा काढून हौसाक्काला दिला.

असं वर्ष सरत आलं, आणि मोरितानं बाजारात पत्रक लावलं. 'ज्या पाटीखाली वर्षात एकदाही टकटक झाली नाही, ती पाटी पाडव्याला उतरवली जाईल. क्षमा असावी.'

बाजारात एकच गोंधळ उडाला. आपली पाटी उतरली आणि शेजाऱ्याची राहिली तर? नाकच कापलं गेलं म्हणायचं! कार्ड कुणाकडे आहे, कुणाकडे आहे, अशी शोधाशोध सुरू झाली. सगळ्या जंगलात मिळून एकच कार्ड होतं.

सकाळी सकाळी दगडोबा धापा टाकत हौसाक्काच्या दारात हजर.

"हौसाक्का! अहो हौसाक्का, आहात का घरात?"

ऐकलंत ना? 'आक्के'चं 'अहो' झालं.

"सुतारपक्षी जेवून आला का?" हौसाक्कानं विचारलं.

"आला, आला! आता उपासच धरलाय त्यानं."

"मी आपली उंबऱ्याबाहेरूनच मागते. पोती फाटतील तुमची."

"फाटू द्या हो! पोत्यांचं काय घेऊन बसलात? आत पाट मांडलाय."

हौसाक्कानं काटे आवरून उंबरा ओलांडला. ती पाटावर बसली. एक कंद उचलला, हुंगला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. चार कंद निवडायला तिनं दुपार केली. दगडोबा पळसाच्या पानानं वारा घालत होता. मग ठकाजीनं टकटक केली. अख्खा बाजार श्वास रोखून उभा राहिला. आणि समुद्रापलीकडून आलं, "चालेल."

हौसाक्का ढसाढसा रडली. रडावं की, आठ वर्षं कमी असतात का?

मग त्रेचाळीस दुकानं राहिली होती. कुठे एक चिंच, कुठे एक लिंबू. जिथे जाईल तिथे पाट, जिथे जाईल तिथे 'अहो'.

कान्हूला फार आनंद झाला. "आक्का, मोरितासाहेबांना सांगून मलाही कार्ड द्या की. माझ्याही वाट्याला कुजकंच येतं."

"देते ना रे! तू काय परका आहेस?" हौसाक्का म्हणाली. आणि खोटं नाही सांगत, ती मनापासून म्हणाली.

पाडव्याला मोरिता दगडोबाच्या दुकानात आला. हौसाक्का पाटावर होतीच. त्यानं वाकून अर्जांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "आपल्यामुळे सगळ्या पाट्या वाचल्या. हे अर्ज आपणच वाटावेत."

तो गेला. हौसाक्का गठ्ठ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुकानात नजर फिरवली. पाट एकच होता. उद्या सगळ्यांकडे कार्ड झालं, तर 'अहो हौसाक्का' कोण म्हणणार? वारा कोण घालणार?

ती जरा उठली. गठ्ठा पाटाखाली सारला आणि पुन्हा बसली. पाट थोडा उंच झाला. बसायला बरंच वाटलं.

संध्याकाळी कान्हू दाराशी आला. "आक्का, अर्ज आले का हो?"

हौसाक्का कंद हुंगत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय सांगू रे, सुतारपक्षी जेवायला गेलाय."

फांदीवर ठकाजीनं चोच पिसांत खुपसली. कान्हूला वाटलं, आत जाऊन नीट विचारावं. त्यानं एक पाय उचलला.

"उंबऱ्याबाहेर!" हौसाक्का ओरडली. "पोती फाटतील!"

तिनं हुंगून बाजूला काढलेले कंद तिथेच पडले होते. दगडोबानं त्यातला एक उचलला आणि कान्हूकडे फेकला.

तात्पर्य: ज्यानं उंबऱ्याबाहेरचं दुःख भोगलंय, त्यालाच आतून कडी कशी घालावी ते नेमकं कळतं. म्हणून बाळांनो, पाट मिळाला की आधी कडी घालावी. दया काय, मागाहूनही करता येते.