आमच्या मोरीचं पाणी, आक्काबाईंची विहीर

वलवण गावात पाणी तयार करणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर बेलाशक माझं नाव सांगा! कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

मी दत्तोबा. लोणावळ्याच्या हॉटेलांत विजेची कामं करतो. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आमची विहीर अशी आटली, की तळाशी बेडूकसुद्धा राहायला तयार होईना! त्यातच एका मासिकात वाचलं, की विजेच्या ठिणग्यांतून हवा सोडली की ओझोन नावाचा वायू होतो. तो घाण पाण्यात सोडला की जंतू मरतात, वास जातो, रंगही जातो.

"शालू, ठरलं!" मी बायकोला म्हणालो. "मोरीचं पाणी धुवायचं, जमिनीत मुरवायचं, विहीर भरायची!"

"पाणी धुणार? कशानं, साबणानं?"

मी हसण्यावारी नेलं. बंद पडलेल्या हॉटेलच्या दिव्यांच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर आणला, काचेच्या नळ्या जोडल्या, हवा भरायला लोहाराचा जुना भाता लावला. भाता शालू दाबायची. वीज पडल्यावर येतो तसा तिखट वास घरभर सुटायचा. पण पिंपात काळंमिट्ट गेलेलं पाणी नारळपाण्यासारखं बाहेर यायचं! ते वाळूतून गाळून विहिरीशेजारच्या खड्ड्यात सोडायचं. "मशीनशिवाय एक थेंब खड्ड्यात जाता कामा नये!" असा माझा सक्त हुकूम होता.

आमची विहीर काही भरली नाही. भरली ती उतारावरच्या आक्काबाईंची! उताराचा विचार करायचा माझ्याकडून राहूनच गेला होता.

आक्काबाईंनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं, आळीभर गूळ वाटला. "देवी पावली रं! सगळ्यांनी पानी न्या!" आळी घागरी घेऊन लोटली. मला राहवेना.

"मावशी, देवी कसली? ते आमच्या मोरीतलं पाणी आहे!"

आक्काबाईंचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. "माज्या हिरीला मोरी म्हंतोस? जळतोस व्हय रं?"

"सिद्ध करून दाखवतो!" मी म्हणालो. "उद्या मोरीत कापडाचा लाल रंग ओततो. परवा तुमची विहीर लाल दिसेल!"

रंग ओतला आणि ऐटीत कामाला गेलो. तिसऱ्या दिवशी सगळी आळी विहिरीभोवती जमली. चहावाले भिमाजी तर दुकान बंद करून आले. मी पोहरा सोडला, वर ओढला. पाणी स्वच्छ! त्यात माझं तोंडसुद्धा दिसत होतं, आणि ते बघण्यासारखं नव्हतं.

"रंग कुटं हाय रं?" भिमाजींनी विचारलं, आणि हशा असा पिकला की कावळे उडाले.

घरी येऊन शालूला विचारलं, "रंगाच्या पाण्याचं काय केलंस?"

"नेहमीचंच. मशीनमधून काढलं. अर्धा दिवस भाता दाबला, हात भरून आले! एवढं लालभडक पाणी, पण कसं पांढरंशुभ्र झालं! तुमचं मशीन खरंच भारी आहे हो!"

मी कपाळावर हात मारला. मशीन इतकं उत्तम चाललं होतं, की पुरावाच धुऊन निघाला होता!

"उद्या मशीन बंद ठेव. पुन्हा रंग ओततो."

"मुळीच नाही!" शालू उसळली. "पोरंबाळं पितात ते पाणी. तुमचा शब्द खरा करायला त्यांना मोरी पाजू? बोलले लोक, तर बोलू देत!"

खरं सांगायचं तर तिचा अभिमानच वाटला. मुकाट्यानं भात्याची गळती बुजवली आणि त्या दिवसापासून तो मीच दाबायला लागलो.

आळीत त्या उन्हाळ्यात पाण्यावरून भांडण झालं नाही. आमची विहीर मात्र कोरडीच, म्हणून घागर घेऊन मीही उतारावर जायला लागलो. आक्काबाई राग विसरून स्वतः पोहरा ओढून द्यायच्या.

"न्ये बाबा, लाजू नगंस," त्या मायेनं म्हणायच्या. "देवीचं पानी हाय. तुज्या मोरीतलं न्हवं!"