एका अवतरणचिन्हाचा घोळ

बायको जनावरांची डॉक्टर. दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांच्या मालकांना ती मोबाइलवर एकेक निरोप टाइप करत बसलेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं!

"अगं, घरात संख्याशास्त्रातला नवरा असताना ही हमाली? आर नावाच्या संगणकी भाषेत दोन ओळी लिहितो. चूक होणारच नाही!"

"बघा हं," म्हणून ती आंघोळीला गेली.

पद्धत सोपी. प्रत्येक मजकूर अवतरणचिन्हांत घालायचा, मध्ये स्वल्पविराम द्यायचा आणि सगळे 'सी' या आज्ञेच्या कंसात कोंबायचे. झाला वेक्टर, म्हणजे मजकुरांची माळ! एक माळ मालकांची: कुत्र्याच्या वकीलबाई, सशाचे प्राध्यापक, बोक्याचे बेकरीवाले आणि पोपटाच्या आमच्या सासूबाई. दुसरी माळ त्याच क्रमाने कामांची: लस, नखं, नसबंदी, चोच. प्राण्यांची नावं गाळली. आपला प्राणी कोणता हे मालकाला कळत नाही का? मग 'पेस्ट' म्हटलं की पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं चिकटतं.

"अहो, दूध बघा!" बाथरूममधून आरोळी आली.

दूध केव्हाच उतू गेलं होतं! ओटा पुसून फणफणत परत बसलो आणि त्या तिरमिरीत लस आणि नखं अवतरणचिन्हांच्या एकाच जोडीत कोंबली. मालक चार, कामं तीन! एरवी एक कंस राहिला तरी अंगावर धावून येणारी ही भाषा नेमकी तेव्हा मूग गिळून बसली. कामं संपल्यावर तिनं गुपचूप पुन्हा पहिलं काम उचललं आणि सासूबाईंना चिकटवलं! मीही न वाचताच चारही निरोप धाडून दिले.

सकाळी पहिला फोन प्राध्यापकांच्या बायकोचा. "'उद्या नसबंदी, उपाशी पोटी या'? मला न विचारता? लग्नाला वर्ष नाही झालं आमच्या!"

मागोमाग बेकरीवाले बोका काखेत मारून दारात हजर. "चोच घासणार? बोक्याची? आणि भरपेट खायला घाला म्हणालात, घातलं!" म्हणजे ऑपरेशन रद्द. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की बोकासुद्धा काखेत दडला.

आणि मग तिच्या आईचा फोन आला. स्पीकरवर त्यांनी निरोप शब्दन् शब्द वाचला. "'सासूबाई, उद्या लस टोचू. चावत असल्यास तोंडाला जाळी बांधावी. नखंही कापू.'"

"आई, अवतरणचिन्ह चुकलं हो! मालक चार, कामं तीन..."

"संगणक चुकतो, जावईबापू," त्या थंडपणे म्हणाल्या. "पण इतका नेमका चुकत नाही."

त्यांनी फोन आपटला. बायको कडाडली, "आत्ताच्या आत्ता सगळ्यांची माफी मागा! आणि ते आर-बीर नको. हातानं लिहा!"

मीही भडकलो होतो. दातओठ खात, हातानं, प्रत्येकाला वेगळी माफी लिहिली. प्राध्यापकांना वेगळी, सासूबाईंना वेगळी. पाठवून खुर्चीत टेकलो, तोच सासूबाईंचं उत्तर आलं. "आभारी आहे."

दोनच शब्द? वर सरकवून मी पाठवलेलं वाचलं.

"आपली नसबंदी होणार नाही. निश्चिंत असावे."