खवलेश्वराची स्थापना

एका जंगलात, बाळांनो, खवली नावाचं एक खवलेमांजर होतं. अंगावर कौलांसारखे टणक खवले, पण जीव मुंगीएवढा. भारी भित्री होती ती. पान पडलं तरी दचकायची, आणि दचकली की शेपटीत तोंड खुपसून गोल व्हायची. अगदी दगडासारखी.

एकदा पिल्लाला बिळात ठेवून ती मुंग्या शोधायला निघाली. वाटेत ताशा वाजला. निवडणूक होती ना! झालं, खवली तिथेच गोल.

मिरवणुकीच्या पुढे मुख्यमंत्री होते, दंतोजीराव रानडुक्कर. ते थबकले.

"धनेशबुवा, हे काय हो?"

बुवा धनेश पक्षी होते. त्यांनी भलीमोठी चोच वर केली. "स्वयंभू आहे, साहेब! काल नव्हता, आज आहे. स्वयंभू म्हणजे आणखी काय असतं?"

लगेच शेंदूर आला. मुख्यमंत्र्यांनी नारळ फोडला. ते कळताच विरोधी पक्षाचे कोल्हेसाहेब धापा टाकत आले आणि त्यांनी दोन फोडले.

तिथे हरणांचा दवाखाना व्हायचा होता. विटा आल्याच होत्या. तीन दिवसांत त्याच विटांचं देऊळ झालं. हरणांनी टाळ्या वाजवल्या. आजारी हरणांनी नाही वाजवल्या, त्यांना उठवत नव्हतं.

कारभार मात्र फार सोपा झाला. दंतोजीराव देवापुढे ठराव वाचायचे.

"देवा, तळ्याला कुंपण घालू का? हरकत असेल तर आत्ताच सांग."

देवाची भीतीने बोबडी वळलेली.

"मंजूर!"

शेवटी खवलीला राहवेना. डोळे मिटून तिने अंग उलगडलं. "अहो, मी खवली. माझं पिल्लू उपाशी आहे हो. जाऊ द्या ना मला!"

एकच किंचाळी उठली. "हिनं देव फोडला! फोडून आत बसली, बघा!"

अस्वल हवालदार धावला. त्याने काठी आपटली. "ए बाई, नाव सांग!"

"ख... खव..."

काठी पुन्हा आपटली. खवली दचकली आणि गोल झाली.

सगळे धपाधप पाया पडले. हवालदाराने काठी काखेत मारून हात जोडले. मग पंचनामा लिहिला : देव सुखरूप परतले. आरोपी फरार.

आता तो रोज सकाळी येतो. "देवा, ती बाई तेवढी सापडू दे."

काल दर्शनाच्या रांगेत एक हडकुळं पिल्लू होतं. शेंदराला नाक लावून त्याने हुंगलं.

"आई, घरी चल ना. भूक लागलीय."

देव किंचित हलला. तेवढ्यात बाहेर हवालदार खाकरला. देव घट्ट मिटला.

"देव सगळ्यांचीच आई असतो, बाळा," बुवा म्हणाले. "चल, पुढे सरक. मागे रांग आहे."

तात्पर्य : बाळांनो, देवाला मुळीच भिऊ नये. तो बिचारा आपल्याहून जास्त भ्यालेला असतो. आणि राज्यात मान हवा असेल तर तोंड मिटून पडून राहावं. घरी जायचं असेल, तर असल्या राज्यात गोल होऊ नये.